नऊच माणसं आहेत, मॅडम!

माझ्या नोकरीचं वर्णन माझ्या वडिलांनी पहिल्याच दिवशी एका वाक्यात केलं, आणि पुढं इतकी वर्षं नोकरी करूनही मला त्याहून बरं काही सुचलं नाही. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा मी त्यांना समजावून सांगत होते. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या छोट्या-मोठ्या कारखान्यांत जायचं, किती लोक कामाला आहेत ते विचारायचं, तीन महिन्यांनी पुन्हा त्याच दारात उभं राहायचं आणि माणसं वाढली की घटली ते पुण्याच्या कार्यालयाला कळवायचं. वडिलांचं सारं आयुष्य ओतूरच्या माळांवर मेंढरांमागं गेलेलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी मेंढरं आमी मोजायची आन् माणसं तू. पर आमाला त्याचा पगार कुनी दिला न्हाई."

आई हसली. वडील मात्र जरा गंभीर होऊन पुढं म्हणाले, "पर एक ध्यानात ठेव. कळपाचा खरा आकडा धनगर दुसऱ्याला सांगत न्हाई. नजर लागती. तुला तरी कोन सांगंल?"

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. ओतूरला कॉलेजात अर्थशास्त्र शिकले तेव्हा पुस्तकातले आकडे मला आकाशातून पडल्यासारखे वाटायचे. "औद्योगिक रोजगारात वाढ" असं छापलेलं असायचं, आणि ही वाढ कुणी, कुठं जाऊन पाहिली, हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नाही. ती पाहायला कुणीतरी उन्हातान्हात जात असतं, आणि ते कुणीतरी मीच होणार आहे, हे तेव्हा सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. आजही त्या नोकरीची आठवण झाली की आधी कृतज्ञताच वाटते. फिरायला मिळालं, माणसं मिळाली, आणि लुना चालवता आली.

कारखान्यांतलीच माणसं का मोजायची, हे प्रशिक्षणात आमच्या साहेबांनी फार छान सांगितलं होतं. ते म्हणाले, शेतात काम असो-नसो, घरातली चार माणसं शेतातच असतात. एकाचं काम चौघं वाटून घेतात. त्यावरून दिवस बरे आलेत की वाईट, हे पटकन कळत नाही. कारखानदाराचं तसं नसतं. गरज नसताना तो एकही माणूस ठेवून घेत नाही. त्यानं दोन माणसं जास्त लावली, तर समजायचं की मालाला मागणी आली आहे. मागणी आली म्हणजे कुठंतरी लोकांच्या हातात चार पैसे आले आहेत. दूध वर येण्याआधी पातेल्याच्या कडेला बुडबुडे दिसतात ना, तसे हे आकडे. आपण कडेला लक्ष ठेवायचं.

आमच्या पातेल्याची कड म्हणजे काही धुरांडी आणि भोंगे नव्हते. कुठं ट्रॉल्यांचं वेल्डिंग, कुठं कडबाकुट्टीची यंत्रं बनवणारं शेड, कुठं तेलघाणी, कुठं टोमॅटोसाठी लाकडी खोकी ठोकणारे लोक. बाहेर पाटी असलीच तर गंजलेली. मी दारात लुना लावली की आत कुजबुज सुरू व्हायची. कुणाला मी वीजमंडळाची वाटायचे, कुणाला विक्रीकरवाली. एका तेलघाणीत तर म्हातारीनं घरातली सगळी लहान पोरं माझ्यासमोर आणून उभी केली आणि म्हणाली, "डोस द्या बाई, मघापासनं वाट बघतोय."

आणि मग मी प्रश्न विचारायचे, किती माणसं आहेत कामाला?

उत्तर ठरलेलं. "नऊच माणसं आहेत, मॅडम."

बाहेरच्या वाचकाला यातली गंमत कळण्यासाठी एवढं सांगायला हवं की, त्या काळी विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा माणसं झाली की कारखान्यांचा कायदा लागू व्हायचा. मग नोंदणी आली, तपासणी आली, रजा आणि कामाचे तास आले. माणसं आणखी वाढली की भविष्यनिर्वाह निधीही आला. त्यामुळं आमच्या दोन तालुक्यांत कारखाना केवढाही असो, माणसं नऊ. शेड लांबायचं, यंत्रं दुप्पट व्हायची, मालकाच्या घरावर मजला चढायचा, माणसं नऊच. पहिल्या तिमाहीचा तक्ता मी पुण्याला नेला तेव्हा साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "तुमच्याकडं दहावं माणूस जन्मालाच येत नाही का?"

त्या दहाव्या माणसाची आणि माझी पहिली भेट बबनशेठच्या वेफर्सच्या कारखान्यात झाली.

आमच्याकडं शेठ व्हायला सावकारी लागत नाही. ट्रॅक्टर घेतला तरी माणूस शेठ होतो. बबनशेठनं तर घोडेगाव-मंचर रस्त्याच्या कडेला, वडिलोपार्जित शेतात, बटाट्याच्या वेफर्सचा कारखाना काढला होता. पंचेचाळिशीचा, गुटगुटीत, बोलायला मोकळा माणूस. दोन गोष्टींवर त्याचं जिवापाड प्रेम: कारखाना आणि शर्यतीचे बैल. मी गेले तेव्हा तो बैलांना आंघोळ घालत होता. मला पाहताच त्यानं आत वळून जोरात खाकरलं. ही खूण होती, हे मला नंतर कळलं.

आत गेले तर शेडमध्ये आठ-नऊ बाया बटाटे सोलत बसलेल्या. पण जमिनीवर अर्धवट सोललेल्या बटाट्यांच्या कितीतरी पाट्या, आणि त्यांच्यापुढं बसायचे रिकामे पाट. मागचं दार सताड उघडं. दारापलीकडच्या मक्यात वारा नसताना तुरे हलत होते.

"नऊच माणसं आहेत, मॅडम," बबनशेठ म्हणाला.

तेवढ्यात मोठ्या कढईतून करपल्याचा वास आला. मक्यातून एक उंच, काळीसावळी बाई धावत आली. पदर खोचून तिनं झारा उचलला आणि वेफर्स भराभर उपसायला लागली. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "मोजायचं तर मोजा बाई. पर घाना करपला तर संध्याकाळी शेठ मलाच मोजत्याल."

मक्यातून हसण्याचा एकच कल्लोळ उठला. इतक्या जणी हसत होत्या की लपण्याला काही अर्थच उरला नाही. एकेक करून सगळ्या आत आल्या, केसांत मक्याचे तुरे घेऊन. बबनशेठनं कपाळाला हात लावला आणि स्वतःही हसायला लागला. "घ्या आता, हिराबाई! सगळं मुसळ केरात."

हिराबाई म्हणजे ती घाण्यावरची बाई. डिंभ्याची. नवरा धरणात मासेमारी करायचा. मासा कधी लागायचा, कधी नाही. घर तिच्या या कामावर चाललं होतं. तिची थोरली मुलगी घोडेगावला अकरावीत होती. हिराबाई आणि तिच्या बाजूच्या वाड्यांतल्या बहुतेक सगळ्या बाया एका जीपमध्ये दाटीवाटीनं बसून सकाळी यायच्या. मुलीही त्याच जीपनं कॉलेजला जायच्या.

त्या दिवशी मी बबनशेठला समोर बसवून सगळं नीट सांगितलं. मी कायदा लावायला आलेली नाही. तुमचा आकडा आमच्या खात्यात बाकीच्या आकड्यांत मिसळतो. तालुक्याची बेरीज तेवढी बाहेर जाते. तुमच्या एकट्याचा आकडा मी दुसऱ्या खात्याला दिला तर गुन्हा माझ्यावर. त्यानं दोनदा विचारलं, "खरं ना?" मग हळूच म्हणाला, "चौतीस."

माझ्या नोकरीतला तो पहिला खरा आकडा. इतका आनंद झाला की मी परत जाताना त्याचे वेफर्स विकत घेतले आणि लुनावरच निम्मे संपवले.

हळूहळू बाकीचेही बोलायला लागले. एकाचं ऐकून दुसरा. नऊचे अकरा झाले, सतरा झाले. बाहेर सगळ्यांना नऊ आणि मॅडमला खरा, असा आमच्या भागातला अलिखित रिवाजच पडला. पुण्याचे साहेब खूश झाले, पण लगेच पुढच्या चैत्रात त्यांचा फोन आला. आवाज घाबरलेला. "अहो, तुमच्याकडं निम्मे कारखाने बंद दाखवलेत. मंदी आली का?"

"नाही साहेब," मी म्हणाले, "यात्रा आली."

चैत्र-वैशाखात आमच्याकडं गावोगावच्या यात्रा असतात आणि यात्रेत बैलगाडा शर्यती. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाड्यांच्या बाऱ्या पाळीपाळीनं सुटायला लागल्या की वेल्डर, सुतार, मालक, सगळे तिकडं. मी बबनशेठकडं गेले त्या दिवशी शेडला कुलूप होतं. घाटात जाऊन पाहिलं तर त्याचे बैल सुटण्याच्या बेतात, तो स्वतः भंडाऱ्यानं पिवळा झालेला, आणि हिराबाईसह सगळ्या बाया नव्या लुगड्यांत, पोराबाळांना घेऊन ओरडायला हजर. "मॅडम, मोजून घ्या," हिराबाई म्हणाली, "आज कुनीबी मक्यात न्हाई!"

साहेब शहरात वाढलेले. पण त्यांनी माझं म्हणणं चेष्टेवारी नेलं नाही. त्या वर्षापासून त्यांनी ठरवून दिलं की आमच्या भागाचा आकडा मागच्या तिमाहीशी ताडून बघायचा नाही. मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडायचा. यात्रा यात्रेशी आणि उपवास उपवासाशी. वाढ मोजण्यातलं निम्मं शहाणपण एवढंच आहे: कशाची तुलना कशाशी करायची ते कळणं.

एक खंत मात्र मनात राहिली. जी बाई शेडमध्ये येऊन बटाटे सोलायची ती माझ्या आकड्यात यायची. जी घरी बसून लसूण सोलून द्यायची, ती यायची नाही. नियमच तसा होता. तशा घरांवरून जाताना मी लुना हळू करायचे, एवढंच.

आता मुख्य गोष्ट सांगते.

वेफर्सचा खरा हंगाम श्रावण ते नवरात्र, म्हणजे उपवासांचा. त्या वर्षी भाद्रपदात बबनशेठकडं कधी नव्हे एवढी मागणी आली होती. आणि नेमकी तेव्हाच डिंभ्याची जीप बंद झाली. जीपवाल्यानं जीप विकून पिकअप घेतली आणि टोमॅटोची भाडी मारायला लागला. बायांनी त्याला गाठून विनवलं, तर म्हणाला, "टोमॅटो भांडत न्हाईत, उधार ठेवत न्हाईत आन् खिडकीसाठी अडून बसत न्हाईत."

एसटी होती, पण ती डिंभ्याहून येईपर्यंत सूर्य डोक्यावर यायचा. सकाळची गाडी नव्हतीच. काही बाया दुधाच्या गाडीवर चढून येऊ लागल्या, काही वाटेत मिळेल त्याला हात करून. ज्यांना नाही जमलं त्या घरी बसल्या. तिमाहीसाठी मी गेले तेव्हा शेडमधले निम्मे पाट रिकामे होते, आणि या वेळी कुणी मक्यात लपलेलं नव्हतं. घाण्यावर हिराबाई होती. तिचं हसू गेलेलं.

"दिवाळीपर्यंत बगते बाई," ती म्हणाली. "न्हाईतर सोडते काम. पोरीचंबी तसंच. तिचा बाप म्हनतो, आता बास झालं शिक्षान, जायाला गाडी न्हाई तर काय उडत जायाची?"

मी ओतूरला शिकले ते आमच्या वस्तीजवळून सकाळी एसटी जायची म्हणून. ती नसती तर मीही कुठंतरी मेंढरांमागंच असते.

सकाळच्या गाडीसाठी बबनशेठनं खटपट केली नव्हती असं नाही. तो स्वतः अर्ज घेऊन आगारात गेला होता. आगाराचे मॅनेजर शांत, हिशेबी गृहस्थ. ते म्हणाले, "प्रवासी दाखवा, गाडी सोडतो." बबनशेठ म्हणाला, "माझ्याकडंच तीसच्या वर बाया हायेत." मॅनेजरनी ग्रामपंचायतीत चौकशी केली. तिथं बबनशेठच्याच सहीनं लिहून दिलेलं होतं: कामगार नऊ.

"नऊ बायांसाठी पन्नास माणसांची गाडी सोडू का शेठ?" मॅनेजरनी विचारलं, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

बबनशेठ तिथून थेट माझ्याकडं आला. "मॅडम, तुमच्याकडं खरा आकडा हाय. सरकारी कागदावर हाय. तेवढा आगाराला लिहून द्या."

"देता येत नाही, शेठ. मी तुम्हाला शब्द दिलाय."

"मी म्हनतो ना, मोडा शब्द!"

"तुम्ही म्हणालात म्हणून माझा कायदा सुटत नाही. आणि आज तुमचा आकडा दिला, तर उद्या दुसऱ्या कुणी मला खरं सांगेल का? तुमचा आकडा तुम्हीच सांगायचा. ग्रामपंचायतीत जा, नऊ खोडून चौतीस लिहा."

त्याचा चेहरा पडला. "चौतीस लिवलं की कायदा आला. फंड आला. इन्स्पेक्टर आला. धंदा बसला म्हंजी?" उठताना दारात थांबून म्हणाला, "मग तुमचा तो खरा आकडा हाय तरी कुनाच्या कामाचा, राव?"

हा प्रश्न मला लागला. दोन दिवसांनी मी मुद्दाम वाट वाकडी करून हिराबाईला भेटले आणि मला का देता येत नाही, ते तिलाही सांगितलं. ती झाऱ्यातलं तेल निथळवत ऐकत होती.

"म्हंजी बगा," ती म्हणाली, "आमी हाय हे तुमाला म्हाईत, शेठला म्हाईत, आमाला सोताला म्हाईत. आन् तरी आमी न्हाई."

"तुम्ही मात्र सांगू शकता," मी म्हणाले. "तुमच्या तोंडाला कुलूप नाही."

"आमी सांगून कोन मानतंय? त्यो मॅनेजर म्हनंल, जत्रंतल्या बाया गोळा करून आनल्या." तिनं झारा कढईत बुडवला. मग एकदम वळली. "शेठ खंडेनवमीला कारखान्यात पूजा करतो. त्याला म्हनते, औंदा शटर उगडं ठेवा."

खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. शेतकरी नांगर-कोयते मांडतो, सुतार करवत-पटाशी मांडतो. आमच्याकडं एक पक्की समजूत आहे की, कामातलं एकही हत्यार पूजेवाचून राहता कामा नये. राहिलं तर ते रुसतं आणि वर्षभर बोटं कापतं. बबनशेठ हे मनापासून मानायचा. त्याच्या शेडमध्ये प्रत्येक बाईचं सोलाणं तिचं तिचं होतं. हाताला आपल्याची सवय झाली की दुसरीचं चालत नाही, म्हणून ओळखीसाठी प्रत्येकीनं मुठीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. पिशव्या बंद करणाऱ्या बाया मेणबत्तीच्या ज्योतीवर करवतीच्या पात्यानं प्लास्टिक चिकटवायच्या. तेही पातं जिचं तिचं. दर वर्षी ही सगळी हत्यारं मांडून पूजा व्हायची, पण शटर खाली ओढून.

हिराबाईनं शेठला काय सांगितलं ते मला नंतर कळलं. ती म्हणाली, "शेठ, पूजेला त्या मॅनेजरला बोलवा. शटर वर करा. तुमी कुनाला काय बी सांगू नका. हत्यारं बोलत्याल." तीन-चार दिवस तो बैलांपाशीच बसून होता म्हणे. बायांना कळेना काय होणार ते.

नवमीच्या सकाळी मी लुनावरून वळले तर रस्त्यावरूनच शेड दिसलं. शटर पार वरपर्यंत गेलेलं. दाराला झेंडूचं तोरण, पुढं मांडव, त्यात ग्रामपंचायतीची मंडळी, आजूबाजूचे शेतकरी, आणि पहिल्या खुर्चीत आगाराचे मॅनेजर. बबनशेठ पांढऱ्या टोपीत, घामाघूम. बाया आल्या होत्या, सगळ्या. कशा आल्या ते विचारलं तर हिराबाई म्हणाली, "टोमॅटोच्या पिकअपमधी. त्याला म्हनलं, आज आमीच टोमॅटो."

आत भिंतीला लागून लांबच लांब पाट मांडले होते आणि त्यांवर ओळीनं सोलाणी, पाती, झारे. प्रत्येकावर हळदकुंकू, प्रत्येकासमोर फूल. लाल दोरा, हिरवा दोरा, पिवळा दोरा. आरती झाली. मॅनेजर पुढं होऊन नमस्कार करायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. त्यांची नजर त्या ओळीवरून हळूहळू सरकत शेवटपर्यंत गेली.

मग ते माझ्याकडं वळले. मी कुठल्या खात्याची, हे त्यांना ठाऊक होतं. "मॅडम, एवढी माणसं आहेत इथं?"

"साहेब," मी म्हणाले, "मला बोलता येत नाही. पण तुम्हाला मोजता येतं."

मांडवात कुणीतरी हसलं. मॅनेजर बबनशेठकडं वळले. "काय शेठ? नऊ ना?"

आता सगळे त्याच्याकडं बघत होते. बायाही. प्रथेप्रमाणं पूजा झाली की मालकानं ज्याचं हत्यार त्याच्या हातात नारळासह परत द्यायचं असतं. बबनशेठनं पाटावरून पहिलं सोलाणं उचललं, गळा साफ केला, आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात नाव घेतलं. ती बाई पुढं आली. मग दुसरं. मग तिसरं. नऊ झाली तेव्हा तो क्षणभर थांबला. टोपी काढून घाम पुसला, टोपी पुन्हा घातली, आणि दहावं नाव घेतलं.

मांडवातून ओरड उठली, घाटात गाडा पहिला आल्यावर उठते तशी. त्यानंतर तो थांबलाच नाही. शेवटचा झारा हिराबाईचा. तो देताना म्हणाला, "चौतीस. लिवा मॅनेजर साहेब, चौतीस. आन् ग्रामपंचायतीनंबी लिवावं. मीच सही करतो."

"घाबरू नका शेठ," हिराबाई म्हणाली, "इन्स्पेक्टर आला तर मी हाय की. त्याला गरम घाना खायाला घालते."

इन्स्पेक्टर आला. कारखान्याची नोंदणी झाली. त्यानं कढईच्या वर धूर जायला जागा करायला लावली, ती बबनशेठनं आधीच करायला हवी होती. फंड सुरू झाला. बबनशेठ वर्षभर भेटेल त्याच्याजवळ कुरकुरला, पण धंदा काही बसला नाही. आणि दिवाळीनंतर पहिल्याच सोमवारी, सकाळची गाडी डिंभ्याहून सुटली. बबनशेठनं तिला स्वतःच्या हातानं हार घातला. वेफर्सची पाकिटं ड्रायव्हर-कंडक्टरच्या खिशांत कोंबली. लोकांनी गाडीचं नाव वेफरगाडी ठेवलं. हिराबाईची मुलगी त्याच गाडीतून बारावीला गेली आणि पुढंही शिकली.

आम्हां आकडे मोजणाऱ्यांना जी गोष्ट शिकवली गेली नव्हती, ती यानंतर पाहायला मिळाली. आम्ही समजत होतो, मागणी आली की माणसं वाढतात. इथं गाडी आली आणि माणसं वाढली. वाटेवरच्या वाड्यांतल्या ज्या बायांनी कधी कारखाना पाहिला नव्हता, त्या रस्त्यावर येऊन हात करायला लागल्या. बबनशेठनं दुसरी कढई टाकली. त्याच्या शेजारी एकानं शेव-फरसाणाचं शेड काढलं, त्यानं पहिल्याच दिवशी मला खरा आकडा सांगितला आणि बाहेरही तोच सांगितला. पुढच्या वर्षीच्या त्याच तिमाहीचा माझा तक्ता पुण्याला गेला आणि आठवडाभरात साहेबांचं पत्र आलं: या भागातली वाढ असाधारण दिसते. चूक तर नाही? प्रत्यक्ष पडताळणी करून कळवावे.

पडताळणी कशी करावी, याचा मी जरा विचार केला. मग लुना घरी ठेवली आणि आदल्या दिवशी डिंभ्याला हिराबाईकडं मुक्कामाला गेले. सकाळी तिच्याबरोबर थांब्यावर उभी राहिले. धरणावरून गार वारा येत होता. गाडी आता वरच्या वाड्यांतून सुटायची. ती आली तेव्हाच तिच्यात निम्म्या जागा भरलेल्या. आम्ही चढेपर्यंत उरलेल्या भरल्या. पुढच्या वाडीला आणखी बाया, त्यापुढच्या फाट्याला आणखी, मधूनच दप्तरं घेतलेल्या मुली. कंडक्टर ओरडत होता, "पुढं सरका, आत लई जागा हाय!"

"कुठं हाय जागा?" हिराबाई ओरडली. "तुमच्या तिकिटाच्या पेटीत का?"

गाडीभर हशा. एका वळणावर माझा तोल गेला, तर हिराबाईनं मला कमरेला धरून सरळ केलं आणि शेजारणीला म्हणाली, "धर गं हिला. मोजायची पोरगी हाय, पडली तर आकडा चुकंल."

कारखान्यासमोर गाडी थांबली आणि बाया उतरायला लागल्या. उतरतच राहिल्या. ड्रायव्हरनं इंजिन बंद करून बिडी काढली. त्याला सवय झाली होती. मी मोजत होते, पण मध्येच हसू आल्यानं आकडा चुकला आणि शेडमध्ये जाऊन पुन्हा मोजावं लागलं. पन्नाशीच्या वर गेला होता.

पुण्याला मी त्याच दुपारी उत्तर लिहिलं. "प्रत्यक्ष पडताळणी केली. वाढ खरी आहे. बसायला जागा मिळाली नाही."

साहेब शिस्तीचे. अहवालातला एकही फालतू शब्द ते ठेवत नसत. पण माझ्या त्या अहवालाची प्रत परत आली, तेव्हा त्यांनी शेवटचं वाक्य खोडलेलं नव्हतं.